नमुना क्रमांक चार

मगरिबची बांग संपली की लॅबला कुलूप लावतो
आणि बस स्टॉपच्या उलट दिशेला वळतो.
इंजिनिअरिंग कॉलेजची भिंत संपते
तिथूनच खाल्दियाच्या गल्ल्या सुरू होतात.
कोणी विचारलं तर सांगतो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.
खोटं नाही.
घरं बघायला सांगितलं नव्हतं, एवढंच.

साठ सालच्या आसपासची घरं. जवळजवळ माझ्याच वयाची.
तेलाचा पैसा तेव्हा नवा होता,
आणि मातीच्या भिंतींतून उठून आलेली माणसं
कैरो-बैरुतच्या पोरसवदा आर्किटेक्टांना म्हणाली असतील:
असं काहीतरी करा, जे आमच्या आजाने पाहिलं नाही.
त्यांनी केलं.

एका दारावर काजूच्या आकाराचा स्लॅब,
दोन तिरप्या, बारीक पायांवर,
ओढा ओलांडताना परकर वर धरलेल्या पोरीसारखा.
एका जिन्याला तीन गोल खिडक्या, बोटीच्या.
आत कोणी दिवे लावत वर गेलं
की त्या एकीनंतर एक जाग्या होतात.
सिमेंटच्या जाळ्या, दुपार चाळून आत सोडणाऱ्या.
बाटलीहिरव्या टाइल्सची अख्खी भिंत,
तीत एकच टाइल वेगळ्या हिरव्याची;
कधीतरी दुरुस्ती झाली, नेमका रंग मिळाला नसेल.
त्या टाइलवर माझा फार जीव.

मी वास्तुकला शिकलो नाही. मी काँक्रीट फोडतो.
सातव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी
ठोकळा मशीनखाली ठेवायचा, दाब वाढवत न्यायचा,
तडकला की आकडा लिहायचा.
"कसायाने गाईंचं कौतुक करावं तसं तुमचं,"
शैला वेंगुर्ल्याहून फोनवर म्हणते,
"आपलं मागचं कुंपण पडलंय, त्याचं बघा आधी."

काजूवाल्या घराचा म्हातारा, अबू मिशारी,
संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसायचा.
एकदा विचारलं त्याने, काय बघतोस?
माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, घर गोड आहे.
"गोड?" तो हसला. "गळतं."
मग अंगणातल्या झाडाची मूठभर फळं दिली. कनार, म्हणाला.
मी तोंडात टाकलं. बोर!
"बोर," मी सांगितलं.
"बोर," तो म्हणाला, दोनदा,
नव्या नातवाचं नाव घोकावं तसं.

रमजाननंतर खुर्ची दिसली नाही.

आणि परवा लॅबमध्ये चार कोअर आले,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, गोल, पावाएवढे.
ब्लॉक दोन, घर एकतीस. अर्जदार: वारस.
नमुना क्रमांक चार: प्रवेशद्वारावरील स्लॅब.

ओल्या फडक्याने पुसला. कडेला शिंपले,
नखाएवढे, एक तर अगदी अखंड.
समुद्रावरचीच वाळू उचलली होती त्यांनी,
घाई असणार, नवं व्हायची.
मशीनखाली ठेवला. दाब वाढवत नेला.
माझ्या अंदाजाच्या पुढे गेला, तरी उभा.
आणखी पुढे.
मी काट्याकडे बघत होतो की प्रार्थना करत होतो, माहीत नाही.
मग तडकला.

इंजिनिअर हिशाम म्हणाले, ताकद आहे, मान्य,
पण आतलं लोखंड मिठाने खाल्लंय. दोन्ही लिही.
दोन्ही लिहिलं.
शेऱ्याचा रकाना मी सहसा कोरा सोडतो.
त्यात लिहिलं: शिंपले आढळले.

आज परत त्या गल्लीत गेलो. घर आहे अजून.
काजूला भोक, चार इंची, जिथून माझा नमुना निघाला.
खाली उभा राहिलो, मान वर करून.
तेवढंच आकाश, जांभळट.
पायाशी एक कनार पडलं होतं.
किडकं निघालं.
अर्धं खाल्लं.